कोतवालाची साखर

"हा असा काय चालतोय?" उदयदादानं विचारलं.

मी पोळी लाटता लाटता मागे वळून पाहिलं. आमचा बोका, कोतवाल, मागच्या दारातून आत आला होता. त्याचे पुढचे पाय ओट्याच्या दिशेनं येत होते आणि मागचे भलतीकडेच जात होते. तो गॅसच्या सिलिंडरला धडकला, थबकला, माझ्याकडे तोंड करून त्यानं जबडा उघडला. आवाज आला नाही. डोळे टक्क उघडे होते, पण त्या डोळ्यांना मी दिसत नव्हते.

बाबा टेबलाशी पावटे सोलत बसले होते. दादा त्यांच्यासमोर बसून मघापासून पुण्याच्या घरातल्या खोलीबद्दल सांगत होता. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, बाथरूम लागूनच आहे, खाली बाग आहे. बाबा 'हं' म्हणत होते आणि सोलत होते.

"बाबा, याला बघा."

बाबा उठले तसं पावट्यांचं ताट खाली गेलं. तोवर कोतवाल कुशीवर पडला होता आणि त्याचा एक पाय आपोआप झटके द्यायला लागला होता.

"साखर उतरलीय," बाबा म्हणाले. "हेमा, मध आण. फडताळात वरच्या कप्प्यात आहे."

मी पिठाच्या हातानंच बाटली आणली. बाबा जमिनीवर बसले होते, कोतवालाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"तोंडात ओतू नकोस. नरड्यात जाईल, गुदमरेल. बोटाला लावून हिरड्यांना चोळ."

"तुम्ही करा ना, तुम्हाला माहितीय."

"माझे हात बघ," ते म्हणाले.

त्यांचे हात थरथरत होते. मी बोट कोतवालाच्या गालात घातलं. जबडा घट्ट मिटलेला, हिरड्या थंड आणि पांढुरक्या. मी मध चोळत राहिले. मधेच त्याचे दात बोटात रुतले आणि तसेच राहिले. ते त्याच्या मनात नव्हतं, अंगातल्या झटक्यानं होत होतं, हे मला कळत होतं, म्हणून मी बोट ओढलं नाही.

दादा फोनवर होता. "डॉक्टर म्हणतायत, निघा लगेच. त्या दवाखाना उघडतायत. वाटेत मध चालू ठेवा."

बाबांनी कोतवालाला आईच्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि आम्ही दादाच्या गाडीत बसलो. रविवारची सकाळ होती. आमच्या कोळकीतून फलटण गावात जायला एरवी काही वेळ लागत नाही. त्या दिवशी रस्त्यात लग्नाची वरात होती.

*

हे सगळं सुरू झालं ते आई गेल्यावर.

कोतवाल खरं तर आईचा. भिंतीवरून गस्त घालायचा, म्हणून तिनंच नाव ठेवलेलं. तिच्या हातचा दूधभात आणि बशीतली बिस्किटं खाऊन तो एवढा गोल झाला होता की शेजारचे त्याला गाभण मांजरी समजायचे. बाबांचं आणि त्याचं विशेष नव्हतं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंककॉलच्या काळातले. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकलेला माणूस, घरात त्यांना शांतता लागायची आणि कोतवाल ओरडका होता.

आई गेली आणि काही महिन्यांत बोका उतरला. भांडंभर पाणी प्यायचा, परत पाण्यासाठी ओरडायचा. खायचा भरपूर, तरी पाठीचा कणा दिसायला लागला. मागच्या पायांनी टाच टेकवून चालायला लागला. बाबांना वाटलं, आईच्या दुःखानं झुरतोय. त्यांनी मला साताऱ्याला फोन करून सांगितलं, "माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलंय बघ."

डॉ. तहसीन इनामदार तपासून म्हणाल्या, "काका, याला मधुमेह झालाय."

"मांजराला?"

"मांजरालाही होतो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागेल. आणि दूध, भात, बिस्किटं आजपासून बंद. उकडलेलं चिकन द्यायचं, मीठ-मसाला काही नको."

आमचं लिंगायतांचं घर. घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. मला वाटलं, बाबा हात जोडून परत येतील. पण त्यांनी एक वेगळं पातेलं घेतलं, मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली आणि नाकाला टॉवेल बांधून ते चिकन उकडायला लागले. इंजेक्शनचा सराव त्यांनी मोसंबीवर केला. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी उचलायची, आणि त्या तंबूच्या दारातून बारीक सुई आत. कोतवाल खाण्यात तोंड घालून असायचा, त्याला कळायचंही नाही. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त मशीनवर घेणं मात्र त्याला आवडायचं नाही. त्यामुळे बाबा ते टाळायचे. "तब्येत दिसतेय की सुधारलेली," म्हणायचे.

दिसत होतीच. तो पुन्हा भिंतीवर चढायला लागला होता. आणि बाबाही सावरले होते. म्हणजे पहाटे उठून खाटकाकडे जाणं, बोकडाचं नको, कोंबडीचं दे, कातडं काढ, असं बजावणं, ठरल्या वेळेला घरी असणं. इंजेक्शनच्या वेळेमुळे ते कुठे मुक्कामाला जायचे नाहीत. दादा कितीदा पुण्याला बोलवायचा. बाबांकडे उत्तर तयार असायचं: "कोतवालाचं कोण बघेल?"

म्हणूनच दादा आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता, मलाही बोलावून घेतलं होतं. दोघांनी मिळून बोलायचं ठरलं होतं. निदान त्याचं ठरलं होतं.

*

वरात सरकत नव्हती. दादानं हॉर्नवर हात ठेवला आणि काढला.

"बाबा, सकाळी त्याला इंजेक्शन कधी दिलंत?"

"रोजच्या वेळेला. तो खात असताना."

"म्हणजे मी फिरायला बाहेर पडत होतो तेव्हा?"

"नाही," मी म्हणाले. "तेव्हा मी उठलेपण नव्हते. मी चहा घेऊन पडवीत आले तेव्हा दिलं. मी बघितलं ना."

दादा आरशातून माझ्याकडे बघत होता. "हेमा, मी बूट घालत होतो तेव्हा बाबा फ्रिजपाशी सुई भरून उभे होते. कोतवाल पायाशी खात होता."

शालीतून कोतवालाचा श्वास ऐकू येत होता, आखूड, जणू कुणी कागद फाडतंय.

"बाबा," दादा अगदी हळू म्हणाला, "दोनदा दिलंत का?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुणीतरी नवरदेवाच्या घोड्याला बिस्कीट भरवत होतं.

"दिलं असेल," ते म्हणाले.

पुढे वाट मोकळी झाली.

डॉक्टर दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. वयानं माझ्याहून लहान, अंगावर घरचा सलवार-कुर्ता, केस तसेच ओले. त्यांनी कोतवालाला टेबलावर घेतलं, कान टोचला, मशीनकडे पाहिलं. आकडा आलाच नाही. नुसतं 'लो' आलं.

"ताई, मशीन ठेवा ते बाजूला. पुढचा पाय धरा, घट्ट. काका, तुम्ही बाहेर बसा."

"मी थांबतो."

"काका, बसा बाहेर."

त्यांनी पायावरचे केस काढले, शीर शोधली. पहिल्यांदा सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या, दुवा असावी. तिसऱ्यांदा सुईत रक्त दिसलं. त्यांनी ग्लुकोज सोडलं आणि आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. कोतवालाचा पाय माझ्या मुठीत होता. झटके थांबले तेव्हा मला वाटलं, संपलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आहे. पण एवढ्यात खूश होऊ नका. हे इन्सुलिन दिवसभर काम करतं. आता चढलेली साखर ते परत खाली ओढेल. आज त्याला इथेच ठेवू. किती डोस गेलाय?"

मी दाराकडे पाहिलं. "बहुतेक दुप्पट."

त्यांनी नुसती मान हलवली.

*

बाहेर अंगणात दादा गाडीला टेकून उभा होता. बाबा बाकावर बसले होते, बरेच लांब. आमचं बोलणं त्यांना ऐकू जाईल असं नव्हतं, तरी दादा आवाज खाली घेऊन बोलला.

"आता तरी मान्य करशील?"

"चूक कुणाचीही होते, दादा."

"ही पहिली नाहीये. मागच्या महिन्यात त्यांनी एकाच दुपारी मला दोनदा फोन केला. तेच विचारलं, त्याच शब्दांत. पहिला फोन झालाच नाही असं. गॅसवर दूध ठेवून देवळात गेले होते, ते शेजारच्या घाडगेकाकूंनी मला सांगितलं. तुला काकूंनी सांगितलं नाही, कारण तू भांडतेस."

"एकटा माणूस आहे. कुणाचंही दूध उतू जातं."

"आज दूध नाही गेलं उतू, हेमा. आज आत एक जीव पडलाय. उद्या हे त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांचं झालं तर?"

मला त्याचा राग आला. मी म्हणाले, "तुला ते घर रिकामं करायची घाई झालीय." म्हटल्या म्हटल्या कळलं, हे खोटं आहे. दादानं घराबद्दल कधी शब्द काढला नव्हता.

तो रागावला नाही. थकल्यासारखा दिसला. "मी काय त्यांचा वैरी आहे का?" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाबा उठून आमच्याकडे आले. सदऱ्याच्या बाहीला मध लागला होता, त्यावर शालीचा धागा चिकटलेला.

"उदय, मी येतो पुण्याला."

दादा गाडीपासून सरळ झाला.

"पुढच्या रविवारी ये न्यायला. तेवढ्यात मी आवराआवर करतो."

"आणि कोतवाल?" मी विचारलं. दादाच्या मुलीला दमा होता, त्या घरात मांजर जाऊ शकत नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"जगला तर डॉक्टर बघतील कुणीतरी. असतात चांगली माणसं. मी विचारलंय त्यांना."

ते मला ठाऊक नव्हतं. आत मी त्याचा पाय धरून उभी होते, त्या वेळात दाराच्या फटीतून त्यांनी डॉक्टरांना ते विचारलं होतं आणि माझ्या कानावर ते आलंच नव्हतं.

"बाबा, मी नेते त्याला साताऱ्याला."

"तू बँकेत जातेस. दुपारी त्याचं काही झालं तर? नको. एकदा झालं ते पुरे."

*

कोतवाल जगला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं, डोकं टेकवून झोपलेला, पायाला पट्टी.

"इन्सुलिन अजिबात द्यायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत नाही. सकाळ-संध्याकाळ कानाची साखर बघा आणि मला फोन करा. चढायला लागली की परत सुरू करू, अगदी थोड्यापासून."

दादा पुण्याला गेला. मी बँकेत फोन करून रजा टाकली.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. भांडण नव्हतं, आवाज नव्हता. बाबा कपाटं उपसत होते. आईची भांडी त्यांनी घाडगेकाकूंना दिली. रेडिओ कुणाला दिला, कळलं नाही. बैठकीत दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या आणि आम्ही दोघं त्यांना वळसा घालून चालत होतो. कोतवालाला त्यांनी हात लावला नाही. तो पायाशी येऊन घासायचा, तर बाबा पाय आखडून घ्यायचे.

"घ्या ना त्याला," मी एकदा म्हणाले.

"सवय मोडायला हवी. त्याचीही."

चिकन मात्र तेच उकडायचे. टॉवेल बांधून, पडवीत. ताटली भरून दाराशी ठेवायचे आणि तो खायला लागायच्या आत निघून जायचे. कानाची साखर बघायची वेळ झाली की मशीन माझ्या पुढ्यात सरकवायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे. एकदा माझ्या हातून थेंब नीट आला नाही, म्हणून मी त्यांना हाक मारली.

"माझ्या हातावर भरवसा ठेवू नकोस," ते बाहेरूनच म्हणाले.

पहिल्या दिवशी साखर बरी निघाली. डॉक्टर म्हणाल्या, "अजून असर उतरतोय, वाट बघा." दुसऱ्या दिवशीही बरी निघाली. मला आता भीती वाटायला लागली होती ती चढण्याची. चढली की सुई परत येणार, सुई आली की तिला धरणारा हात हवा. प्रत्येक वेळी मशीनवर आकडा उमटेपर्यंत मी श्वास रोखून बसायचे. पण आकडा हलत नव्हता. जेवणाआधी तोच, जेवणानंतर जरासा वर, परत तोच. मशीन बिघडलंय असं वाटून मी माझं बोट टोचून पाहिलं. मशीन ठीक होतं.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाल्या, घेऊन या.

त्यांनी त्यांच्या मशीनवर बघितलं, रक्ताची वेगळी नळी भरली, लघवी तपासली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं.

"ताई, याला आता इन्सुलिनची गरज नाही."

"म्हणजे?"

"माणसांमध्ये असं सहसा होत नाही, मांजरांमध्ये होतं. वेळेवर इन्सुलिन आणि खाण्यात साखर-पिठूळ काही नाही, असं काही महिने नीट पाळलं, तर काही मांजरांचं शरीर स्वतःचं इन्सुलिन परत बनवायला लागतं. याचं लागलंय. कधी लागलं ते कळलं नाही, कारण कान तपासला जात नव्हता. त्याचं स्वतःचं इन्सुलिन, वर आपलं. म्हणून कोसळला."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. "मग दोनदा दिल्यामुळे नाही?"

"दोनदा दिल्यानंच झालं असतं, तर असर उतरल्यावर साखर परत चढली असती. आज सहा दिवस झाले, चढली नाही. त्याला आता नेहमीचा एक डोससुद्धा जड गेला असता."

"बाबांची चूक नव्हती."

"दोनदा दिलं की नाही, ते रक्तातून नाही कळत मला. पण चूक म्हणाल, तर काकांनी त्याला बरं केलंय. हे लोकांकडून होत नाही हो. दुसऱ्या आठवड्यात बशीत दूध जातंच."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी कोतवालाला शालीत घेतलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच उचललं होतं त्याला. मला वाटलं, ते रडतील किंवा हसतील. त्यांनी फक्त विचारलं, "खायला तेच द्यायचं ना पुढेही?"

मी मात्र दवाखान्याच्या पायरीवरूनच दादाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. एका दमात सगळं सांगितलं.

"बाबा आहेत तिथे?" दादानं विचारलं.

"आहेत, ऐकतायत."

"बाबा, मी तुम्हाला गाडीत जे बोललो..." त्याला पुढे जमेना. "माझं चुकलं. तुम्हाला यायचं नसेल तर आता जोर करणार नाही मी. रविवारी बॅगा न्यायला येत नाही. नुसता भेटायला येईन, कधीतरी."

"बरं," बाबा म्हणाले.

घरी येताना रिक्षात मी बडबडत होते. भांडी परत आणू, रेडिओ कुणाला दिलाय ते सांगा, बॅगा मी रिकाम्या करते. बाबा कोतवालाच्या मानेवरून हात फिरवत होते, जिथे रोज सुई जायची तिथे.

*

संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो. भाकरी, पावट्याची आमटी. बाबा दोन घास जास्त जेवले, मला बरं वाटलं. मी भांडी आवरून बाहेर आले तेव्हा ते पडवीत शेगडीपाशी बसले होते. कोतवाल भिंतीवर होता.

मी आत बैठकीत जाऊन बॅगेचा बंद ओढला, तसे ते आतल्या दिशेनं बघून म्हणाले, "राहू दे त्या."

"का? दादा नाही म्हणाला ना आता."

"तो फोन करायच्या आधी मला विचारायला हवं होतंस, हेमा."

मला वाटलं, त्यांना सगळ्यांदेखत बोलल्याचं लागलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "दादाला कळायला नको? तुमच्यावर उगाच आळ आला होता."

"आळ नव्हता."

"डॉक्टरांनी सांगितलं ना..."

"डॉक्टरांनी बोक्याचं सांगितलं." ते थांबले. शब्द शोधत नव्हते, शब्द त्यांच्याकडे होते. फक्त ते बाहेर काढायचे की नाही, एवढंच चाललं होतं. "उदय बूट घालत होता, ते मला आठवतं. सुई भरलेली हातात होती, तेही आठवतं. मग तू चहा घेऊन आलीस, तेव्हा परत माझ्या हातात सुई. मधलं काही नाही."

"म्हणजे तेव्हा दिलंच नसेल. ठेवून दिली असेल परत."

"असेल. दिलंही असेल. मी रविवारपासून आठवतोय. झोपून बघितलं, उभं राहून बघितलं, फ्रिज उघडून त्याच जागी उभा राहिलो. काही नाही. विसरलो असतो तर कळलं असतं, की अरे, विसरलो. हे तसं नाहीये. तिथे काही होतं, हेच मला माहीत नाही."

भिंतीवरून कोतवाल खाली उतरला आणि अंधारात कुठेतरी गेला. मी बाबांचा हात धरला. मला म्हणायचं होतं, की वयानं होतं, मलाही आठवत नाही कधीकधी. दादाला हेच म्हणाले होते मी. ते आता तोंडातून निघेना.

"किती दिवस होतंय असं?"

"तुझी आई होती तेव्हापासून. ती सांभाळून घ्यायची. तिला म्हटलं होतं, मुलांना सांगू नकोस, तिनं सांगितलं नाही." ते माझ्याकडे वळले. "मी गाडीत 'दिलं असेल' म्हणालो, ते कबुली म्हणून नाही. खरंच तेवढंच म्हणता येत होतं मला. कोतवालाच्या बाबतीत उदय चुकला. माझ्या बाबतीत तो चुकला नाही, आणि आज फोनवर तो माझी माफी मागत होता, नि मी 'बरं' म्हणालो."

"मग आता?"

"फोन लाव त्याला."

पुढचं सगळं त्या फोनपासून सुरू झालं. पुण्यातले मेंदूचे डॉक्टर, तपासण्या, आजाराचं नाव. मी बदली मागून फलटणच्या शाखेत आले, म्हणून बाबांना आणखी साडेतीन वर्षं त्याच घरात, कोतवालासकट राहता आलं. मग पुणं आलंच, पूर्वेच्या खिडकीची खोली आली. कोतवाल त्याच्या आदल्या हिवाळ्यात म्हातारा होऊन गेला, त्याला सुई परत कधी लागली नाही. लोक मला विचारतात, तुम्हाला एवढं लवकर कसं कळलं? बऱ्याच घरांत फार उशिरा कळतं. मी सांगते, आम्हाला कळलं नाही, त्यांनी सांगितलं. सांगायची गरज उरली नव्हती तेव्हा सांगितलं.

त्या संध्याकाळी मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकर सुरू करायला गेले, तर त्यांनी नको अशी मान हलवली. पण दादाचा आवाज मोठा, मला ऐकू येत होताच.

"उदय, मी बोलतोय. रविवारी ये तू. बॅगा भरलेल्याच आहेत, त्यांचं काय करायचं ते बसून ठरवू. मला तुला काहीतरी सांगायचंय, ते फोनवर नको."

"काय झालं बाबा? कोतवाल बरा आहे ना?"

"तो बरा आहे."

"तुम्ही?"

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दादानंही ताणलं नाही. मग, आपण फोन ठेवताना नेहमी जे विचारतो ते त्यानं विचारलं, "जेवलात का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. शेगडीच्या पलीकडे आमची दोन ताटं मी घासून उपडी घातली होती, त्यांचं पाणी अजून निथळत होतं.

मी मान हलवून 'हो' म्हटलं.

"हो," बाबा फोनमध्ये म्हणाले, "आत्ताच जेवलो."